हौसाचं दूध

माझे सासरे चांगले नव्हते. ते जाऊन वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं या रीतीने घरी येणारा प्रत्येकजण त्यांच्याबद्दल काहीतरी गोड बोलतो आणि चहा पिऊन जातो. 'स्पष्ट बोलायचे,' म्हणतात. 'माणूस करारी होता,' म्हणतात. मी रिकामे कप उचलते आणि आत जाते. मला ते आवडत नव्हते, आजही आवडत नाहीत, आणि हे लिहायला बसले आहे ते काही त्यांच्या आठवणीने गळा दाटून आला म्हणून नाही.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचे. सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामा ही आमच्याकडची पद्धत. सत्तावीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर भटारखान्यात होते. आधी भांडी घासायला, मग भाज्या चिरायला, शेवटची दहा-बारा वर्षं मुख्य स्वयंपाकी. सोलापूरसारख्या कोरड्या गावात जहाजावरचा माणूस म्हणजे नवलच. कॉलनीतले लोक त्यांना थट्टेने कॅप्टन म्हणायचे. मामा त्यांना थांबवून सांगायचे, "कॅप्टन न्हाय. कॅप्टनला जेवू घालणारा." हे ते इतक्या खडूसपणे सांगायचे की पुढचा माणूस पुन्हा थट्टेच्या वाटेला जायचा नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चमचा असायचा. साधा स्टीलचा, दांडा जरा वाकलेला, रुमालात गुंडाळलेला. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तसा यांच्या खिशात चमचा. कोणाच्याही घरी जावोत, चुलीवर काही शिजत असलं की रुमाल सोडून चमचा बाहेर काढायचे, पातेल्यात घालायचे, जिभेवर ठेवायचे आणि निकाल द्यायचे. निकाल कधी चांगला लागलेला मी ऐकला नाही. "हळद कच्ची हाय." "तेल जळालंय." "ह्यात काय मेलंय का?" मग चमचा धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून परत खिशात.

मला बघायला आले तेव्हाही चमचा बरोबर होता. नव्या पेठेत माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान, वर आमचं घर. आईने पोहे केले, मी बशा नेऊन दिल्या. आमच्या बशीतला चमचा मामांनी बाजूला ठेवला आणि खिशातला काढला. एक घास खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "मोहरी तडतडली न्हाय," ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय." वडील हसले, कारण त्यांना हसावंच लागलं. आई आत जाऊन रडली, कारण पोहे तिने केले होते. संतोष, म्हणजे माझा नवरा, तेव्हा खाली मान घालून बसला होता. पुढे माझ्या लक्षात आलं की ती त्याची नेहमीचीच बसण्याची पद्धत आहे.

घर शहराबाहेर, हिप्परग्याच्या रस्त्याला. दोन खोल्या, मोठं अंगण, मागे पत्र्याची शेड आणि एका बाजूला गोठा. गोठ्यात हौसा. हौसा ही पंढरपुरी म्हैस, शिंगं पार पाठीवर गेलेली, रंगाने काळीभोर. ती आत्यांची. घर मामांच्या नावावर असेल, पण हौसा आत्यांची होती. आत्या सांगोल्याकडच्या, माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि जनावरं. मामा जहाजावर गेले तेव्हा माहेरहून एक रेडी आणली होती. तिची लेक, त्या लेकीची लेक, अशी हौसा तिसरी. संतोष त्या दुधावर वाढला. आत्या सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन कॉलनीत दूध घालायला स्वतः चालत जायच्या, आणि त्या नऊवारीतल्या बाईला वाटेत कोणी आडवं लागत नसे.

मामा दीड-दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे. एकदा येताना त्यांनी परदेशातून दुधाच्या पावडरीचे दोन मोठे डबे आणले. ज्या घरात म्हैस आहे त्या घरात पावडरीचं दूध. हे मला आत्यांनीच सांगितलं, आणि सांगताना बारीक हसत होत्या. त्यांनी पावडर उकिरड्यावर टाकली आणि डबे घासून ठेवले. त्यांतल्या एकात अजून शेंगाची चटणी असते. मामांनी तो डबा बघितला की तोंड फिरवायचे.

नोकरी संपवून ते कायमचे घरी आले ते माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. सत्तावीस वर्षं ज्या घरात त्यांची खुंटीसुद्धा नव्हती त्या घरात त्यांना एकदम जागा हवी झाली, आणि आत्यांनी ती दिली नाही. भांडण नव्हतं. दोघं एकमेकांशी बोलतच कमी. मामा म्हणायचे, "तिला सांग, भाकरी जाड हाय." आत्या शेजारीच बसलेल्या असायच्या. मी सांगायचे नाही. मग ते स्वतःच मोठ्याने भिंतीला सांगायचे.

मामांना एकच पदार्थ करावासा वाटायचा. चावडर. कोणी सूप म्हटलं की चिडायचे. "सूप आजाऱ्याला देत्यात. ह्याला चावडर म्हनत्यात." थंडीने हातपाय आखडतात अशा उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडून ते शिकले होते. मासा, बटाटा, कांदा, लोणी आणि दूध. तिकडे ते समुद्रातल्या माशांचं करायचे; इथे आल्यावर त्यांनी तलावातल्या माशांवर हात बसवला. म्हणजे दुधात शिजवलेला मासा. आमच्या कॉलनीत ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं त्यांनी कानाला हात लावला. माशावर दूध प्यायलं तर अंगावर कोड उठतं असं मानणारे लोक आम्ही. इथे तर दोन्ही एकाच पातेल्यात.

आत्यांचा विरोध मात्र कोडावरून नव्हता. मी लग्न होऊन आले त्याच्या पहिल्या रविवारीच त्यांनी तो मला ऐकू जाईल असा सांगितला. "मागं शेडमदी करा, तुमचं पातेलं येगळं, चूल येगळी. पर माज्या दुदाचा थेंब त्यात जायचा न्हाय. दुदात मीठ-मासा पडला की जनावर आटतं. सडाला भेगा पडत्यात."

"आनि पिशवीतलं दूध काय झाडाला लागतं?" मामा म्हणाले.

"ती म्हस माज्या वळकीची न्हाय," आत्या म्हणाल्या.

त्यांच्या माहेरची ही जुनी रीत. दूध घालायला जायच्या त्या घरांनाही सांगून ठेवलेलं, दुधात मीठ टाकू नका, मटणाच्या भांड्यात दूध घेऊ नका. लोक हसायचे, पण पाळायचे. कारण दूध चांगलं होतं.

मामा आठवड्यातून एकदा मोपेडवर हिप्परग्याच्या तलावाकडे जायचे. एकदा मीही गेले, मला शाळेत जायला रिक्षा मिळत नव्हती म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवते. तलावाच्या काठाला कमलाबाई नावाची मासेवाली पाण्याने भरलेल्या घमेल्यात मासे घेऊन बसायची. मामा तिच्याकडे रोहू, कटला, चिलापी अशा नावांनी चौकशी करायचे, प्रत्येकाला नाव ठेवायचे, आणि शेवटी मरळ घ्यायचे. मरळ कापडात गुंडाळली तरी तासन्‌तास जिवंत राहते. त्या दिवशी त्यांनी मरळीचे कल्ले बघायला बोट आत घातलं.

"मामा, बोट घालू नगा, चावतंय," कमलाबाई म्हणाली.

"तुज्यापरास कमी चावतंय," मामा म्हणाले.

ती खरं तर हसायला हवी होती, पण तिने घमेलं ओढून घेतलं. मग अर्धा तास त्यांनी तिच्यापाशी उभं राहून, तिच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना तिचे मासे कसे शिळे आहेत ते सांगितलं. मासे पाण्यात पोहत होते. मला शाळेला उशीर झाला.

आणखी एक सांगते, कारण नाहीतर मी फक्त वाईटच निवडून सांगते आहे असं वाटेल. शेजारच्या घरी लग्न होतं. मामा आचाऱ्यांच्या मांडवात शिरले, चमचा काढला, रस्सा चाखला आणि म्हणाले, "आंबलाय. लोकांना वाढू नगा." आचाऱ्याने शिव्या दिल्या. मुलीचा बाप हातापाया पडला, की गप्प बसा, पंगत बसली आहे. मामा गप्प बसले नाहीत, पंगतीत जाऊन त्यांनी मोठ्याने सांगितलं. रस्सा ओतून द्यावा लागला. तो खरंच आंबला होता. दुपारपर्यंत त्याला फेस आला. पण त्या घरचं कोणी मामांशी पुन्हा बोललं नाही, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. खरं काय ते कळतं म्हणून माणूस चांगला होत नाही. ते बापाच्या कानात सांगता आलं असतं.

चावडर करताना मात्र त्यांना बघत राहावं लागायचं. मरळीला राख लावून घट्ट धरायचे, डोक्यात एक घाव, मग राखेनेच खवले. मांस काट्यावरून असं सोडवायचे की काट्याला काही उरायचं नाही. डोकं आणि काटे मिरं आणि तमालपत्र घालून वेगळे उकळायचे, ते पाणी गाळून घ्यायचे. पातेल्यात लोणी, त्यात बारीक कांदा, पण लाल होऊ द्यायचा नाही. बटाट्याच्या फोडी, वर ते गाळलेलं पाणी. बटाटा शिजला की दोन-चार फोडी चमच्याने पातेल्याच्या कडेला चिरडायच्या, त्याने दाटपणा येतो. मग माशाचे तुकडे. मग गरम केलेलं दूध, बारीक धारेने. आणि त्यानंतर उकळी आणायची नाही. आपण जन्मभर दूध उकळतो; ते म्हणायचे, "उकळी आली की गेलं. दूध आत पडलं की जाळाकडं बघायचं, मानसाकडं न्हाय." तेवढा वेळ ते खरंच कोणाला काही बोलत नसत. ती घरातली शांत वेळ.

वाढताना वर कडक भाकरी चुरून टाकायचे. जहाजावर म्हणे यासाठी वेगळी बिस्किटं असतात. आपल्याकडची कडक भाकरी त्यापेक्षा सरस, हे त्यांनी एकदा कबूल केलं होतं. सोलापुरातल्या एकाच वस्तूला त्यांनी चांगलं म्हटलं, ती ही.

एक वाटी ते नेहमी भरून ठेवायचे आणि आत्यांच्या बाजूला सरकवायचे. न बोलता. आत्या त्या वाटीवर ताटली झाकायच्या आणि उठून गोठ्यात जायच्या. संध्याकाळी ती वाटी मामाच खायचे, गार, उभ्याने. आणि पुटपुटायचे, "पिशवीच्या दुदानं पानचट हुतंय. घरात म्हस आसून."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात पोटात काही ठरेना. भाकरीचा वास आला की उलटी, फोडणीच्या आवाजाने उलटी. आत्यांनी जिऱ्याचं पाणी दिलं, आवळा दिला, ओटी भरणाऱ्या बायकांनी सांगितलेलं सगळं दिलं. वर्गात मुलं फळ्याकडे बघत असायची आणि मी खिडकीकडे पळायचे. वजन कमी व्हायला लागलं तसं डॉक्टरबाईंनी दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं.

त्या रविवारी मी मागच्या दारात बसले होते. मामांनी समोर वाटी धरली. "खा. वकायचं आसलं तर लांब जाऊन वक."

मी खाल्लं ते त्यांना दाखवायला, की बघा, हेही ठरत नाही. ते ठरलं. पांढरं, गुळगुळीत, मिऱ्याचा जरासा वास, माशाला वास म्हणून नाहीच. मी वाटी पुसून खाल्ली. मामा म्हणाले, "तुज्यासाठी न्हाय. पोटात हाय त्येच्यासाठी." आत्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "पिशवीचं हाय नव्हं? मग खा. पोट काय इचारून मागतंय व्हय."

मग बुधवार आणि रविवार चावडर. त्याच्यावर मी उभी राहिले, हे मला मान्य करावं लागतं. त्या दिवसांत मामा माझ्याशी एक शब्दही गोड बोलले नाहीत. "मास्तरीणबाई, पातेलं चाटू नगा, घासायला ठेवा," हे त्यातल्या त्यात प्रेमाचं.

एप्रिल महिना होता. बुधवार. आत्या किटली घेऊन कॉलनीत गेल्या होत्या, संतोष कामावर. मामांनी सगळं केलं, दूध गरम करायला ठेवलं आणि ते फाटलं. उन्हाने पिशवी वाटेतच गेली असणार. ते फाटलेल्या दुधाकडे बघत राहिले. "गेलं," म्हणाले, आणि पातेलं ओतून द्यायला उचलायला लागले.

मला भूक लागली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा लागलेली, पोट आतून ओढणारी भूक. मी स्वयंपाकघरात गेले. आत्यांच्या तपेल्यात संध्याकाळचं धारोष्ण दूध घरासाठी काढून ठेवलेलं होतं, वर फडकं बांधलेलं. मी फडकं सोडलं, अर्धा तांब्या दूध काढलं, फडकं पुन्हा बांधलं आणि मागे येऊन तांब्या मामांसमोर धरला.

त्यांनी हात पुढे केला नाही. "कुनाचं?" म्हणाले. त्यांना माहीत होतं.

"घ्या," मी म्हणाले.

"हे येकदा आत वतलं की परत काडता येत न्हाई, मास्तरीणबाई."

"मला भूक लागलीय," मी म्हणाले.

मग त्यांनी घेतलं. बारीक धारेने घातलं. जाळाकडे बघत राहिले. चमच्याने चाखलं, आणि चमचा पुसून रुमालात गुंडाळला. त्या माणसाने कशालातरी नाव ठेवलं नाही असं मी तेवढं एकदाच बघितलं. मी दोन वाट्या खाल्ल्या. आयुष्यात तितकं चांगलं मी काही खाल्लेलं नाही. आत्या यायच्या आत मी पातेलं, तांब्या, वाट्या सगळं घासून पालथं घातलं.

तिसऱ्या दिवशी हौसाने धारेला लाथ मारली. मागचा डावा सड गरम आणि टणक झाला होता, पिळल्यावर दुधात रक्ताच्या गुठळ्या आल्या. जनावरांचे डॉक्टर आले. कासदाह म्हणाले, गोठ्याची जमीन ओली राहते, जंतू सडातून आत जातात, उन्हाळ्यात होतं. इंजेक्शनं दिली. तो सड गेला तो गेलाच. मग दुसरा गेला. महिन्याभरात हौसा आटली.

डॉक्टर गेल्यावर आत्या अंगणात उभ्या राहिल्या. मी शाळेतून नुकतीच आले होते, पिशवी खांद्यावरच होती. मामा शेडच्या दारात बसले होते.

"परवा तपेल्यातलं दूद कमी हुतं," आत्या म्हणाल्या. "फडक्याची गाट माजी नव्हती. कुणी घेतलं?"

मी पिशवी खाली ठेवत होते. तेवढा वेळ लागला.

"मी घेतलं," मामा म्हणाले.

"कशात घातलं?"

"चावडरमदी."

आत्यांनी आवाज चढवला नाही. "तुमी गेल्यापास्नं हिच्या आजीनं हे घर चालवलं. मग हिच्या आईनं. मग हिनं. तुमी न्हवता. आनि आल्यावर तुमी माजी म्हस मारली." मग त्या शेडमध्ये गेल्या, चावडरचं पातेलं उचललं आणि फाटकाबाहेर नेऊन पालथं ठेवलं. हौसाला टेम्पोत घालून सांगोल्याला भावाकडे पाठवलं. दूध घालणं बंद झालं. ज्या बाईला घराघरांत 'आत्या आल्या' म्हणून दार उघडायचे ती बाई सकाळी उठून अंगणात नुसती बसायला लागली.

आणि मी उभी होते. पोटुशी आहे, घरात भांडण नको, असं मी स्वतःला सांगितलं. बाळंत झाले तेव्हा सांगितलं, आता अंगावर दूध आहे, आत्या काही बोलल्या तर आटेल. म्हणजे बघा, जंतूंनी म्हैस आटते असं वर्गात शिकवणारी बाई मी. जर ते जंतूंमुळेच झालं, तर मी दूध दिलं हे सांगायला काय हरकत होती? इतक्या वर्षांत सांगितलं नाही, म्हणजे आत कुठेतरी मी आत्यांच्या बाजूची आहे. मुलगी चांगली निघाली, अंगावर एक डाग नाही. ती आता पहिलीत आहे.

मामांनी मला वाचवलं असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. आत्या त्यांच्याशी कधी चार वाक्यं बोलत नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या; मला वाटतं त्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं असेल. किंवा आपल्या पदार्थात जे पडलं ते आपण घातलं, असा आचाऱ्याचा ताठा असेल. माझ्यावर दया करायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यानंतरही लागली नाही. उलट जास्त छळायला लागले. ते गोठ्यात राहायला गेले, रिकाम्या गोठ्यात खाट टाकून. मी ताट नेऊन द्यायचे. भाकरी परत पाठवायचे, आमटी परत पाठवायचे. मी काही उलट बोलायला तोंड उघडलं की ताटाच्या कडेवर चमचा दोनदा वाजवायचे. टण टण. मी गप्प बसायचे. ते मला आठवण करून देतात, असंच मी धरून चालले. कधीकधी वाटतं, मीठ हवं असेल नुसतं.

चावडर त्यांनी पुन्हा केलं नाही. तलावाकडे जायचे, मोकळ्या हाताने यायचे. कमलाबाईने एकदा मला विचारलं, "मामांचं भांडायला येनं कमी झालंय, बरं हाय नव्हं त्यांचं?" मी बरं आहे म्हटलं.

मागच्या वर्षी त्यांची डावी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. गोठ्यातल्या खाटेवर ठेवलं, कारण घरात यायला ते तयार नव्हते. एका दुपारी मी त्यांना भरवत होते, भात आणि वरण, त्यांच्याच चमच्याने. आत्या दारात आल्या. पाच वर्षांत त्या दाराला त्यांनी पाय लावला नव्हता. आत न येता, चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"येकच इचारते," त्या म्हणाल्या. "ते दूद तुमीच घेतलंतं?"

त्यांनी बघितलं मामांकडे. माझ्याकडे नाही. माझ्या हातात चमचा होता. मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, हे मी खरं सांगते; शब्द अगदी ओठावर होते.

"तू काय हुबी हायस?" मामा माझ्यावर खेकसले. "पानी आन. तेवडं तरी धड आन."

मी उठले. दारात आत्यांच्या शेजारून बाहेर पडताना मागे मामांचा आवाज ऐकला. "व्हय. मीच घेतलं." मी हापशावर गेले, दांडा मारला, तांब्या भरला. परत आले तेव्हा आत्या गेल्या होत्या. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांना थोडं वळवलं आणि चमच्याने पाणी दिलं. त्यांनी ते जिभेवर धरलं, नेहमीसारखं.

"नळाचं हाय," म्हणाले.

ते हापशाचं होतं. मी स्वतः भरलं होतं. त्यांची जीभ चुकलेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. शर्टाच्या खिशातला चमचा मी काढून घेतला. तो माझ्या शाळेच्या पर्समध्ये आहे आणि का ठेवला आहे ते मला विचारू नका.

हे लिहिते आहे तेव्हा आत्या समोरच शेंगा फोडत बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. नाहीतर मी इतकं लिहिलं नसतं. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिवतीस येवडं?"

"मामांचं," मी म्हणाले.

त्यांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे परातीत टाकले.

"लिव की," त्या म्हणाल्या. "माज्या हौसाचं बी लिव. दूद त्यांनी चोरलं, ते लिव."

"लिहिते," मी म्हणाले.